जुना पिकअप: गरम झाला की आयडल हेलकावतो, पाच कोड आले, तीन पार्ट बदलून झाले

पटाशी

नमस्कार मंडळी. मी सुतार आहे, मेकॅनिक नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून हसायचं असेल तर मोकळेपणी हसा.

ट्रक १९९८ चा. पेट्रोल, व्ही-६, चार लिटर, हाताचे गिअर. काट्यावर २ लाख ८६ हजार किलोमीटर. हौद्यात फळ्या, प्लायवूड आणि कधीमधी एखादं तयार कपाट, एवढंच त्याचं काम. एअर फिल्टरच्या डब्यानंतर हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार म्हणजे थ्रॉटल, त्याला केबल आहे, आयडलची (पाय काढल्यावर इंजिन उभ्या जागी नुसतं चालतं तेव्हाची) हवा सांभाळायला वेगळा आयएसी व्हॉल्व्ह आहे.

चार महिन्यांपूर्वी सुरुवात झाली. सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला सुरू, हजार-बाराशेवर शांत उभं. दहा-बारा मिनिटं चालवून गरम झालं आणि सिग्नलला क्लच दाबून थांबलो की आरपीएम साडेचारशेपर्यंत खाली, स्टिअरिंग थरथरतंय, आणि तीनांतून एकदा बंद. मागच्यांचे हॉर्न सुरू. चालत्या गाडीत मात्र तक्रार नाही. हौदा भरलेला असला तरी चढाला ओढ कमी वाटत नाही.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. पहिल्या दिवशी पी ०१७१ आणि पी ०१७४. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एक कोड एका बाजूच्या तीन सिलिंडरांचा, दुसरा दुसऱ्या बाजूच्या. त्यानंतर मी काय काय केलं ते क्रमाने देतो. मापं लिहून ठेवायची सवय असल्यामुळे वहीत सगळं तारखेनिशी आहे.

आधी पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलले. कुठेतरी वाचलं होतं की हे कोड त्या सेन्सरांवरून येतात. एक सेन्सर सुटता सुटेना, पान्याला लोखंडी पाइप घालून लोंबकळलो तेव्हा सुटला. चौथ्या दिवशी तेच दोन कोड परत.

मग थ्रॉटल बॉडी काढून साफ केली. पात्याच्या कडेला काजळीचं चांगलं जाड कडं जमलं होतं. आयएसी व्हॉल्व्हही नवा घातला. थोडा फरक पडला, बंद पडणं गेलं नाही.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. थ्रॉटलच्या खाली एक बारीक स्टॉप स्क्रू असतो ना, डोक्यावर रंगाचा ठिपका असलेला? तो फिरवला. सिग्नलला बंद पडू नये एवढाच हेतू. बंद पडणं थांबलं खरं, पण आता इंजिन गरम झालं की आयडल ९०० वरून १६०० वर, परत ९०० वर, परत १६०० वर. दर दोन-अडीच सेकंदांनी एक हेलकावा. आत बसलं की वाटतं, कोणीतरी अदृश्य माणूस अॅक्सिलरेटर दाबतोय आणि सोडतोय. त्यानंतर पी ०५०७ आला, आयडल हवा त्यापेक्षा जास्त.

शिवाय पी ०११८ अधूनमधून येतो: कूलंट टेंपरेचर सेन्सर, सिग्नल जास्त. पुसला की आठवडाभर गायब. पी ०३०० एकदाच आला होता, बंद पडता पडता.

कूलंट सेन्सर मागवलाय. त्याच्याबरोबर अजून काय मागवू?

लांबपल्ला

दोन्ही बाजूंना पेट्रोल कमी पडतंय म्हणजे पंप थकलाय. एवढ्या किलोमीटरला पंप आणि फिल्टर दोन्ही बदलायलाच हवेत. माझ्या गाडीला अगदी हाच कोड होता, पंप बदलला, दिवा गेला तो गेलाच. टाकी उतरवावी लागते, तेवढी तयारी ठेवा. टाकी रिकामी करूनच उतरवा, नाहीतर कंबर जाईल.

तेलकट_बाही

पटाशी, काहीही मागवू नका. आणि तो स्क्रू फिरवल्याचं कबूल केलंत ते फार बरं झालं. लोक ही गोष्ट लपवतात आणि आम्ही आठवडाभर भलत्याच जागी शोधत बसतो.

कोड म्हणजे इंजिनाची तक्रार, पार्टांची यादी नव्हे. पी ०१७१ असं म्हणत नाही की ऑक्सिजन सेन्सर खराब आहे. तो म्हणतो, ‘धुरात प्राणवायू जास्त दिसतोय, मी पेट्रोल वाढवत वाढवत माझ्या मर्यादेला आलोय.’ तुमचे जुने सेन्सर खरं बोलत होते. साक्षीदार खरं बोलला म्हणून तुम्ही त्याला हाकलून दुसरा आणलात, त्यानेही तेच सांगितलं. जुने फेकले नसतील तर ठेवा.

आता पंपाबद्दल. लांबपल्ला यांच्या गाडीत पंप असेलही, पण या वर्णनात बसत नाही. पंप थकला की आधी कुठे मार बसतो? जिथे पेट्रोल जास्त लागतं तिथे, म्हणजे भरल्या हौद्याने चढ चढताना. हा ट्रक चढ ओढतोय आणि उभा राहिला की मरतोय. उलटं आहे हे. मॅफ सेन्सरच्या तारेवर धूळ बसली तरी साधारण तसंच होतं, हवा जास्त वाहायला लागली की चूक वाढत जाते.

अंदाजावर मला काही सांगायचं नाही. तुमच्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा दिसत असेल तर इंजिन पूर्ण गरम करून हे लिहून पाठवा.

दोन्ही बँकांचे (म्हणजे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन बाजूंचे) शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, शॉर्ट त्या क्षणाचं आणि लाँग शिकून साठवलेलं; आधी आयडलला, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून. मॅफचे ग्रॅम प्रति सेकंद, दोन्ही वेळचे. टीपीएसचा, म्हणजे थ्रॉटल किती उघडा ते सांगणाऱ्या सेन्सरचा, व्होल्टेज, पाय काढलेला असताना. आणि सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत ते दोन्ही आकडे एक-दोन अंशांच्या फरकाने सारखेच पाहिजेत, कारण तिथे सगळंच गार झालेलं असतं. याहून फुकटची टेस्ट दुसरी नाही.

कोड पुसू नका. पुसला की त्याच्याबरोबरचा फ्रीझ फ्रेमही जातो, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, तापमान किती होतं ती नोंद. ती आधी वहीत उतरवा. तुम्ही वही ठेवता, तुम्हाला हे सांगायची गरज नसावी.

हेलकाव्याबद्दल मला एक संशय आहे, पण आकडे आल्यावर बोलतो.

तारेवरची_कसरत

फक्त पी ०११८ बद्दल.

हा सेन्सर म्हणजे एक रोध आहे, गार असताना जास्त, गरम झाला की कमी. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला पाच व्होल्ट पुरवतो आणि किती उरले ते बघतो. तार तुटली किंवा कपलर (वायरचा प्लग) सैल झाला की सगळेच्या सगळे पाच व्होल्ट उरतात, आणि ईसीयूला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे. ‘सिग्नल जास्त’ हा असा. सेन्सर आतून शॉर्ट झाला असता तर उलटा, पी ०११७ आला असता.

येतो आणि जातो म्हणताय त्यावरून मला सेन्सरपेक्षा कपलरचा वास येतोय. स्कॅनरवर कूलंटचं तापमान लावून ठेवा, इंजिन चालू ठेवून कपलरजवळची वायर बोटाने हलकेच हलवा. आकडा उणे ४० वर उडी मारून परत आला तर चोर सापडला. पंख्यापासून हात आणि बाही लांब, गळ्यात काही लोंबकळत नको.

आणखी एक टेस्ट. इंजिन बंद, चावी ऑन. कपलर काढलात की स्कॅनर उणे ४० दाखवणार. मग कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्यात की आकडा वरच्या टोकाला जाणार. दोन्ही झालं तर ईसीयू आणि वायरिंग ठीक, बाकी राहिला सेन्सर आणि त्याच्या पिना.

पटाशी

काका (तेलकट_बाही, तुम्हाला काका म्हणतो, चालेल ना), रविवार सगळा बोनेटखाली गेला. आकडे घ्या.

सकाळी चावी ऑन, इंजिन बंद: कूलंट २४, हवा २३.

गरम इंजिन, आयडल (हेलकावे चालूच, त्यामुळे मधला अंदाजे आकडा): लाँग टर्म पहिली बँक +२२ टक्के, दुसरी +२१. शॉर्ट टर्म दोन्हीकडे शून्याच्या वर-खाली उड्या मारतो. मॅफ ५ ते ९ च्या मध्ये नाचतोय, हेलकाव्याबरोबर.

२५०० वर धरून: लाँग टर्म +७ आणि +६. मॅफ १६ च्या आसपास. इथे एकदम शांत, काटा चिकटवल्यासारखा.

टीपीएस, पाय काढलेला: ०.९४ व्होल्ट.

पी ०१७१ चा फ्रीझ फ्रेम: आरपीएम ६८०, वेग शून्य, कूलंट ९१. हा स्क्रू फिरवण्याआधीचा आहे.

आणि तारेवरची_कसरत, तुम्हाला साष्टांग. वायरला बोट लावलं न लावलं तोच ८९ चे उणे ४०! हात काढला, परत ८९. मी तीन वेळा केलं, नुसतं बघायला मजा येत होती म्हणून. कपलर काढला तर एका पिनेवर हिरवट पावडर, आणि दुसरीची वायर क्रिंपमधून अर्धी सुटलेली, दोन-तीन तारांवर लटकलेली. वायर इतकी ताणून बसवली होती की इंजिन हललं की ती ओढली जायची. कधी काळी कोणीतरी ती रेडिएटरच्या होजच्या चुकीच्या बाजूने नेली असणार. तुमची उणे ४० आणि वरचं टोक वाली टेस्टही केली, दोन्ही बरोबर आलं. आणि सकाळी सेन्सर हवेच्या बरोबरीने २४ दाखवत होता, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मागवलेला सेन्सर परत पाठवतो.

पण हेलकावा तसाच आहे. म्हणजे ती चोरी वेगळी होती?

तेलकट_बाही

काका चालेल. वय झालंच आहे.

आकडे झकास आहेत. आता हे नीट वाचा, कारण तुमचं उत्तर यातच आहे.

आयडलला इंजिनाला हवा फार थोडी लागते. तुमच्या चार लिटरला, सगळं ठीक असताना, सेकंदाला चार-पाच ग्रॅम. समजा कुठेतरी रबरी पाइप फाटलाय आणि तिथून सेकंदाला एक ग्रॅम हवा मॅफला न विचारता आत घुसतेय. चारावर एक म्हणजे पंचवीस टक्के. ईसीयूने चाराचं पेट्रोल दिलं, हवा पाचाची आली. आता २५०० वर चला. तिथे सोळा ग्रॅम हवा वाहतेय आणि भोक तेवढंच आहे. सोळावर एक म्हणजे सहा टक्के. तुमचे आकडे बघा: बावीस आणि सात. सध्याचा बावीस हेलकाव्यामुळे जरा गढूळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी होणारा ट्रिम म्हणजे चोरटी हवा. लांबपल्ला, पंप असता तर हेच आकडे उलटे वाढत गेले असते, म्हणून मी आडवा आलो. राग मानू नका.

दोन्ही बँका सारख्याच आजारी आहेत हेही कामाचं आहे. एका बाजूच्या इनटेक गॅस्केटमधून हवा आत येत असती तर एकच बँक आजारी असती. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला सेन्सरच्या अलीकडे चीर असली तरीही एकच. दोघी सारख्या म्हणजे भोक अशा जागी आहे जिथून हवा सगळ्या सिलिंडरांना वाटली जाते: मॅफ आणि थ्रॉटलमधला मोठा पाइप, ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा होज (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणारा), किंवा मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, मधल्या पोटाला लागणारी कुठलीही नळी.

जाता जाता, हे गणित मॅफ असलेल्या गाडीचं. ज्या जुन्या गाड्यांत मॅफ नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे चोरटी हवाही दाबात मोजली जाते, ईसीयू तिच्यापुरतं पेट्रोल देतो, आणि कोड येण्याऐवजी नुसता आयडल वाढतो. या धाग्यावर उद्या कोणी दुसऱ्या गाडीचे आकडे घेऊन येईल, म्हणून लिहून ठेवलं.

आता हेलकावा. माझा संशय टीपीएसच्या आकड्याने पक्का केला. तुम्ही स्क्रू पिळून थ्रॉटलचं पातं उघडं ठेवलंत, त्यात चोरटी हवा. आयएसीने आपलं दार पूर्ण बंद केलं तरी हवा जास्तच, त्यामुळे आरपीएम पंधराशे-सोळाशेवर चढतो. इथे ईसीयूची एक जुनी सवय आडवी येते. पाय काढलेला, इंजिन गरम, आणि आरपीएम एका मर्यादेच्या वर, असं दिसलं की तो समजतो गाडी उतारावर गिअरमध्ये घरंगळतेय, आणि पेट्रोल तोडतो. इंजिन पडतं. ९०० ला तो परत पेट्रोल देतो. इंजिन चढतं. परत तोडतो. तुमचा अदृश्य माणूस तो हाच. गार इंजिनाला ही मर्यादा वर असते आणि तेव्हा आयडलही मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणून सकाळी काही कळत नाही. ०.९४ व्होल्टला पाय काढलेला आहे असं हा ईसीयू मानतो का, अशी शंका मला होती. पण पेट्रोल तुटतंय, म्हणजे तो मानतोय. बरेच ईसीयू चावी ऑन केल्यावर दिसलेला सगळ्यात खालचा आकडा ‘बंद’ म्हणून धरून चालतात.

थोडक्यात, हेलकावा तुम्ही तयार केलात आणि बंद पडणं त्या भोकाने. स्क्रूला अजून हात लावू नका. आधी भोक शोधा, नाहीतर दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते कळणार नाही.

शोधायचं कसं? होज एकेक करून दाबा. पकडीच्या दातांना कापड गुंडाळा, म्हणजे जुनं रबर फाटणार नाही. जो दाबल्यावर इंजिनाचा सूर बदलेल त्याच्या पुढे भोक. पातळ रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक होजांवरून आणि सांध्यांवरून फिरवा. फुसफुस लगेच ऐकू येते. कार्ब क्लीनर फवारायची युक्ती तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. तापलेल्या मॅनिफोल्डवर आणि ठिणग्या मारणाऱ्या जुन्या प्लग वायरींवर ते फवारू नका. मी एकदा भुवया घालवल्या आहेत. पाण्याची फवारणी बाटली घ्या. फटीवर पाणी गेलं की क्षणभर सूर बदलतो आणि काही पेटत नाही.

लांबपल्ला

राग कसला. माझ्या वेळी मी ट्रिम वगैरे काही बघितलं नव्हतं, पंप बदलला आणि नशीब लागलं. वाचतोय, पुढे सांगा.

पटाशी

सापडलं!

सविस्तर लिहितो, कारण मला ते सापडायला अडीच तास लागले आणि ती जागा मी पहिल्या पाच मिनिटांत ‘बघितली’ होती.

ब्रेक बूस्टरचा होज दाबला, काही नाही. ब्रेकचं पेडल दाबून धरलं, सोडलं, काही नाही. मॅफनंतरचा मोठा पाइप काढून उजेडात वाकवून बघितला, घड्यांमध्ये नख फिरवलं, शाबूत. मग नळी कानाला लावून मॅनिफोल्डवरून फिरलो. गरम इंजिनावर पालथं पडून कान लावणं म्हणजे काय ते विचारू नका. मॅनिफोल्डच्या मागे, बोनेट आणि काचेच्या मधल्या पत्र्याच्या अंधारात, पीसीव्हीचा होज जिथे आत शिरतो तिथे एक काटकोनी रबरी एल्बो आहे. वरून बघितलं तर नवा वाटावा इतका गुळगुळीत. पण नळी त्याच्या खाली नेली आणि कानात प्रेशर कुकरसारखा आवाज.

फोन खाली सरकवून फोटो काढला तेव्हा दिसलं. एल्बोच्या पोटाला, वळणाच्या आतल्या बाजूला, तेल पिऊन पिऊन रबर लिबलिबीत झालंय आणि करंगळीचं पेर जाईल एवढी चीर. आणि गंमत अशी की गार इंजिनाला ती चीर जवळजवळ मिटलेली असते. रबर तापून मऊ झालं की आतल्या ओढीने तिच्या कडा आत वाकतात आणि तोंड उघडतं. म्हणजे गरम झाल्यावरच तक्रार का, याचं आणखी एक कारण.

मी पीसीव्हीचा होज एल्बोच्या अलीकडे दाबून बघितला होता, काही फरक पडला नव्हता, म्हणून पुढे गेलो होतो. आता कळतंय का ते. भोक पकडीच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला होतं.

चीर बोटाने दाबून धरली तर इंजिन १२०० च्या आसपास जवळजवळ स्थिर. बोट सोडलं की परत झोका. शेजारच्या मुलाला आत बसवून काटा वाचायला लावला, तो ‘आता हो, आता नाही, आता हो’ ओरडत होता.

आमच्या धंद्यात एक प्रकार होतो. दार घासतंय म्हणून गिऱ्हाईक सांगतं, दार तासा. तासलं की घासणं थांबतं, पण पावसानंतर वर फट दिसते, कारण चौकटच गुण्यात (काटकोनात) नव्हती. मी गुण्या लावल्याशिवाय दाराला रंधा लावत नाही. आणि ट्रकच्या बाबतीत मात्र सरळ रंधा घेऊन बसलो. असो.

एल्बो नवा बसवला, क्लिपा नव्या. कूलंटच्या कपलरला नवीन पिना क्रिंप केल्या, वायर होजच्या बरोबर बाजूने, थोडी ढील ठेवून. आता तो स्क्रू. किती परत फिरवू? किती पिळला होता ते वहीत नाही, हे लिहिताना कान लाल होतायत.

तेलकट_बाही

शाब्बास. पीसीव्ही एल्बोचा मागचा भाग हा या वयाच्या इंजिनांचा ठरलेला फाटका खिसा आहे, पण मी आधीच नाव घेतलं असतं तर तुम्ही तेवढंच बदललं असतं आणि कपलर तसाच राहिला असता. पीसीव्ही व्हॉल्व्हही काढून हलवा, आत खुळखुळ वाजला पाहिजे. वाजला नाही तर तोही बदला, तेवढं मागवायला परवानगी.

स्क्रू असा लावा. इंजिन बंद. केबल ढिली आहे, पात्याला ओढत नाहीये, याची आधी खात्री. स्क्रू सोडत जा, तो लिव्हरपासून सुटेपर्यंत. पातं आता पूर्ण मिटलंय. मग परत पिळा, टोक लिव्हरला जेमतेम टेकेल तिथपर्यंत. एक कागदाची पट्टी मध्ये धरा, ती अडकायला लागली की टेकला. तिथून अगदी थोडा, पाव वेढ्याच्या आत, म्हणजे पातं नळीच्या भिंतीला घासून अडकणार नाही. चावी ऑन करून टीपीएस बघा. बऱ्याच गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरा. रंगाचा ठिपका थोडाफार उरला असेल तर तो जुन्या जागेशी जुळतो का बघा, कारखान्याने तो त्यासाठीच लावलेला असतो.

मग कोड पुसा. आता पुसायचे. इंजिन सुरू करून अॅक्सिलरेटरला पाय न लावता गरम होऊ द्या, ईसीयू आयडलची हवा नव्याने शिकतो. पहिला दिवस थोडा इकडेतिकडे होईल, घाबरून परत स्क्रूला हात लावू नका. लाँग टर्म ट्रिमही शून्यापासून बसतो, त्यामुळे खरे आकडे दोन-तीन दिवस चालवल्यावर घ्या.

तारेवरची_कसरत

मल्टीमीटर हातात आहेच तर इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टीही तपासा. इंजिन चालू, दिवे लावलेले, मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. पाव व्होल्ट वगैरे दिसलं तर पट्टी साफ करायची. ०.१ च्या आत असेल तर विसरून जा. बऱ्याच सेन्सरांचं मोजमाप अर्थिंगच्या भरवशावर असतं.

पटाशी

आठ दिवस चालवून लिहितोय, मुद्दाम थांबलो.

स्क्रू जवळजवळ अडीच वेढे परत गेला. अडीच! रंगाचा अर्धा ठिपका बरोब्बर लिव्हरच्या जुन्या खुणेसमोर आला. टीपीएस ०.५५. आयडल ७१०, काटा हलत नाही. लाँग टर्म आयडलला +३ आणि +४, २५०० वर +२ आणि +२. मॅफ आयडलला ४.३. काकांनी चार-पाच म्हटलं होतं, ते वाचून उगाचच अभिमान वाटला.

अर्थिंग ०.०४, त्यामुळे तिकडे गेलो नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह खुळखुळतो.

काल हौदा भरून सागाच्या फळ्या आणल्या. रस्त्यात अकरा सिग्नल लागले, एकदाही बंद नाही. उगाच मोजत होतो.

पिवळा दिवा बंद आहे, पण स्कॅनरवर पेंडिंगमध्ये एक नवा दिसतोय, पी ०४०१. ईजीआरचा (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेचा) प्रवाह कमी, असं लिहिलंय. यावेळी काहीही मागवलेलं नाही. फ्रीझ फ्रेम अजून पडलेला नाही. सुरुवात कुठून करू?

तेलकट_बाही

ईजीआरचा पाइप काढून आत स्क्रूड्रायव्हर घाला आणि कार्बन किती निघतो ते सांगा. कोडाच्या नावाने नवा धागा काढा, इथे शोधणाऱ्यांना गोंधळ होईल.